डीटीएम चालू, तरी पॉवर कमी: हरवलेले १६ डीबी

ब्लूटूथच्या बोर्डावर ट्रान्समीटरची चाचणी लावायची, पीसीवरच्या सॉफ्टवेअरात चॅनेल निवडायचा आणि ‘स्टार्ट’ दाबायचं. खालच्या पट्टीत ‘टेस्ट रनिंग’ असं हिरवं उमटतं. मान वळवून स्पेक्ट्रम ॲनालायझरकडे, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती पॉवर आहे ते दाखवणाऱ्या यंत्राकडे बघावं, तर +४ डीबीएमच्या (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली पॉवर) जागी −१२. दुसरा बोर्ड लावला, तरी −१२ च्याच आसपास. मग शेजारच्या टेबलावरून आवाज येतोच, “सर, हा चिपचा लॉटच खराब आलाय.”

लॉट खराब नव्हता. त्या दिवशी नव्हता, आणि त्याआधी दोनदा हेच झालं तेव्हाही नव्हता. नवा बोर्ड आला की दर सहा-आठ महिन्यांनी हे दुखणं डोकं वर काढतं, दोन दिवस खातं, आणि सुटलं की आपण विसरून जातो. यावेळी विसरायच्या आत लिहून ठेवतोय.

१६ डीबी म्हणजे पॉवर चाळीसपट कमी. एवढी गळती एकाच भोकातून सहसा होत नाही. चार-पाच ठिकाणी थोडी थोडी झिरपते, आणि त्यातली निम्मीअधिक खरी गळतीच नसते; मोजणाऱ्याची चूक असते. म्हणून ‘नेमकं कुठे बिघडलंय’ असं शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. वाण्याच्या वहीसारखा एकेका डीबीचा जमाखर्च मांडावा लागतो.

माझा बोर्ड सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कळतील. नॉर्डिकची एनआरएफ५२८३२ चिप, सीआर२०३२ सेलवर चालणारा तापमानाचा सेन्सर. अँटेनाच्या आधी स्विचवाला छोटा आरएफ कनेक्टर आहे; त्यात प्रोब खुपसला की अँटेनाची वाट आपोआप तुटते. चिपमध्ये डायरेक्ट टेस्ट मोडचं, म्हणजे डीटीएमचं फर्मवेअर; त्यात पीसीवरून कमांड देऊन रेडिओची चाचणी घेता येते. पीसीवर कधी नॉर्डिकचं तयार ॲप, बहुतेक वेळा मात्र मीच लिहिलेली पायथनची स्क्रिप्ट. तुमची चिप दुसऱ्या कंपनीची असली तरी बरंचसं लागू पडेल, कारण डीटीएम हे कोण्या एका कंपनीचं खूळ नाही, ब्लूटूथच्या कोअर स्पेसिफिकेशनमध्येच त्याचे नियम दिलेले आहेत. जुन्या सीएसआर चिपांवर ज्यांनी ब्लूटेस्ट३ वापरलंय त्यांना बटणांची नावं वेगळी आठवतील, रडगाणं तेच.

हिरवं अक्षर नेमकं काय सांगतं

सॉफ्टवेअर ‘रनिंग’ म्हणतं तेव्हा ते एवढंच सांगत असतं की मी कमांड पाठवली आणि समोरून नकार आला नाही. काही साधी सॉफ्टवेअरं तर उत्तराची वाटही बघत नाहीत. हवेत, किंवा तारेत, प्रत्यक्ष किती पॉवर गेली हे पीसीला कळायला मार्गच नाही. त्यामुळे पहिलं काम म्हणजे सॉफ्टवेअर बाजूला सारून कच्च्या बाइट्स बघणं.

डीटीएमची दोन दारं आहेत. एक दोन तारांचं यूएआरटी, म्हणजे साधी सिरियल जोडणी, दुसरं एचसीआय, म्हणजे ब्लूटूथ चिपशी बोलायची प्रमाणित कमांडभाषा. नॉर्डिकचं नमुना फर्मवेअर दोन तारांचं दार उघडतं, वेग १९२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. प्रत्येक कमांड बरोब्बर दोन बाइटची. पहिल्या दोन बिटांत कमांडचा प्रकार, पुढच्या सहांत चॅनेल, त्यापुढच्या सहांत पॅकेटची लांबी, शेवटच्या दोनांत पॅकेटमधला नमुना. रीसेट म्हणजे ०० ००, आणि सगळं ठीक असेल तर उलट ०० ०० येतं. २४४० मेगाहर्ट्झवर ३७ बाइटचं पीआरबीएस९ (ठरावीक, पण यादृच्छिक वाटणाऱ्या बिटांचा नमुना) पॅकेट पाठवायचं तर हेक्समध्ये ९३ ९४. चाचणी थांबवायला सी० ००, आणि ट्रान्समीटर चाचणी संपताना उत्तर ८० ०० असतं. ८० ०० आलं म्हणजे आपण पाठवलेली थांबायची कमांड पोचली आणि ओळखली गेली. या एका उत्तरावर माझा हिरव्या अक्षरापेक्षा जास्त विश्वास आहे.

इथला सगळ्यात मजेशीर सापळा टर्मिनल प्रोग्रॅमचा. नव्या पोराने टर्मिनल उघडलं, ‘९३९४’ असं इंग्रजी आकड्यांत टाइप केलं आणि एंटर मारला. त्याला वाटलं दोन बाइट गेल्या. गेली ती अक्षरं: नऊच्या अक्षराचा कोड ३९, तीनचा ३३. चिपने ३९ ३३ वाचलं. पहिले दोन बिट शून्य, म्हणजे सेटअपची कमांड, आणि तीही ओळखीची नाही. उत्तर आलं ०० ०१. शेवटचा बिट १ म्हणजे चूक. चिप बिचारी खरं बोलत होती, पण ‘काहीतरी उत्तर येतंय म्हणजे चालतंय’ असा समज करून तो अर्धा तास ॲनालायझरचे स्केल बदलत बसला. टर्मिनलला हेक्स मोडमध्ये घाला, नाहीतर सरळ स्क्रिप्ट लिहा.

स्क्रिप्ट लिहिताना दोन्ही बाइट एकाच राइटमध्ये पाठवा. दोन बाइटमधलं अंतर ५ मिलीसेकंदांच्या आत असावं असा नियम आहे. वेगवेगळ्या ओळींत पाठवल्या आणि मध्ये विंडोजला डुलकी लागली, की चिप पहिली बाइट टाकून देते. मग दुसरी बाइट नव्या कमांडची पहिली समजली जाते आणि आपली कमांड तिथेच वाया जाते. लक्षण ओळखायला सोपं: एकदा चालतं, एकदा नाही. उत्तराची वाटही ऐसपैस बघा. चिपला उत्तर द्यायला ५० मिलीसेकंदांपर्यंत मुभा आहे, आणि बाजारात सर्रास मिळणाऱ्या एफटीडीआयच्या यूएसबी-सिरियल चिपा मिळालेली बाइट मुळातच १६ मिलीसेकंद धरून ठेवतात. मी २०० मिलीसेकंद ठेवतो.

एचसीआयचं दार असेल तर बाइट जास्त, पण चूक कळणं सोपं. ट्रान्समीटर चाचणी ०१ १ई २० ०३ ने सुरू होते, त्यापुढे चॅनेल, लांबी, नमुना. उत्तरातली शेवटची बाइट शून्य असेल तर ठीक. ०सी आली तर चिप म्हणतेय, आत्ता नाही. बहुधा आधीची चाचणी बंद केलेली नाही किंवा बोर्ड अजून ॲडव्हर्टाइझ करतोय, म्हणजे ‘मी इथे आहे’ अशी हाक हवेत देतोय. १२ आली तर आपण दिलेला आकडाच मर्यादेबाहेरचा. आणि काहीच आलं नाही तर आरटीएस-सीटीएसच्या, म्हणजे ‘पाठवू का’, ‘पाठव’ सांगणाऱ्या तारा बघा. एचसीआयला यूएआरटीवर हार्डवेअर फ्लो कंट्रोल लागतं. सीटीएस लटकत सोडला की चिप तोंड उघडत नाही. ऐकते मात्र सगळं.

चॅनेल ३७ म्हणजे २४०२ नव्हे

हे एका परिच्छेदाचंच आहे, पण यात भलेभले फसतात. ब्लूटूथ लो एनर्जीचे ४० चॅनेल, २४०२ पासून २४८० मेगाहर्ट्झपर्यंत, २ मेगाहर्ट्झच्या अंतराने. ॲडव्हर्टायझिंगचे चॅनेल ३७, ३८, ३९ आणि त्यांच्या जागा २४०२, २४२६, २४८० हे सगळ्यांना पाठ असतं. डीटीएमला त्या नावांशी देणंघेणं नाही. तिथे शून्य म्हणजे २४०२ आणि मग सरळ मोजत जायचं. ३७ दिलंत तर सिग्नल २४७६ वर जातो. ॲनालायझर २४०२ वर झीरो स्पॅनमध्ये (एकाच फ्रिक्वेन्सीवर खिळवून) लावून बसलात तर दिसेल तो नुसता नॉइज, आणि तुम्ही म्हणाल ट्रान्समीटर मेला. म्हणून सुरुवात कधीच झीरो स्पॅनने करू नका. १०० मेगाहर्ट्झचा स्पॅन, मॅक्स होल्ड (सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवणं), आणि आधी सिग्नल कुठे उगवतोय ते डोळ्यांनी बघा.

न दिसणारे नऊ डीबी

आता मुख्य चोर.

डीटीएममध्ये ट्रान्समीटर सलग बोलत नाही. तो पॅकेट पाठवतो, गप्प बसतो, पुन्हा पाठवतो. दोन पॅकेटांच्या सुरुवातींमधलं अंतर ६२५ मायक्रोसेकंदांच्या पटीत असतं: पॅकेटच्या लांबीत २४९ मायक्रोसेकंद मिळवा आणि ६२५ च्या पुढच्या पटीपर्यंत वर न्या. एक मेगाबिटच्या फिजिकल लेयरवर ३७ बाइटच्या पॅकेटमध्ये प्रीॲम्बल, पत्ता, हेडर आणि सीआरसी धरून ४७ बाइट होतात, म्हणजे ३७६ मायक्रोसेकंद. अंतर ६२५. ट्रान्समीटर साठ टक्के वेळ चालू. सरासरी मोजणारं कुठलंही यंत्र लावलंत तर ते २.२ डीबी कमी दाखवणार, आणि त्याचं काही चुकलेलं नसणार.

माझ्या स्क्रिप्टमध्ये लांबीचा रकाना मी रिकामा सोडला होता. रिकामा म्हणजे शून्य. शून्य लांबीचं पॅकेटही पॅकेटच असतं, नियमाला धरून, फक्त १० बाइटचं: ८० मायक्रोसेकंद बोलायचं आणि ५४५ मायक्रोसेकंद गप्प. पावणेतेरा टक्के. डीबीत मांडलं तर ८.९. सोळातले जवळपास नऊ डीबी इथे होते, आणि ते गेलेच नव्हते! चिप प्रत्येक बर्स्टमध्ये, म्हणजे बोलण्याच्या प्रत्येक तुकड्यात, पूर्ण पॉवर देत होती, आम्ही शांततेची सरासरी काढत होतो.

२५५ बाइटचं पॅकेट लावलं तर २१२० मायक्रोसेकंद बोलणं आणि २५०० चं अंतर, फरक जेमतेम ०.७ डीबी. म्हणून कधी कोणी म्हणालं की ‘आमच्याकडे पॅकेटची लांबी वाढवली की पॉवर वाढते’, तर हसू नका. त्याचा आकडा खरा आहे, अर्थ चुकलाय. ही उलट तपासणीसाठी उत्तम युक्तीही आहे. लांबी शून्य, ३७ आणि २५५ अशा तीन चाचण्या लावा. वाचन −८.९, −२.२, −०.७ च्या चालीने सरकलं तर तुमचं यंत्र सरासरी दाखवतंय, हे विनावाद सिद्ध. तिन्हीला आकडा तोच राहिला तर ते बर्स्टच्या आतली पॉवर दाखवतंय आणि इथे काही शोधायचं नाही. ही चाचणी दोन मिनिटांची आहे. मला ती दोन दिवसांनी सुचली.

यूएसबीचा साधा पॉवर मीटर वापरत असाल तर हाच घोळ आणखी गुपचूप होतो, कारण तिथे स्क्रीनवर बर्स्ट दिसतच नाहीत, नुसता आकडा. बहुतेकांच्या सॉफ्टवेअरात ड्युटी सायकलची, म्हणजे ट्रान्समीटर किती वेळ चालू असतो त्याची, टक्केवारी टाकायची सोय असते. ती टाका, आणि पॅकेटची लांबी बदललीत की तीही बदलायची आठवण ठेवा.

ॲनालायझर नीट लावणं

ब्लूटूथच्या आरएफ चाचण्यांत आउटपुट पॉवर मोजायची रीत ठरलेली आहे: झीरो स्पॅन, रिझोल्यूशन बँडविड्थ (यंत्र एका वेळी बघतं ती फ्रिक्वेन्सीची फट) ३ मेगाहर्ट्झ, व्हिडिओ बँडविड्थही ३ मेगाहर्ट्झ, पीक डिटेक्टर, आणि बर्स्टच्या २० ते ८० टक्के भागातली सरासरी. पॅकेटमध्ये पीआरबीएस९. कडेचे २० टक्के सोडायचे ते एवढ्यासाठी की चढता-उतरता उतार हिशेबात येऊ नये.

३ मेगाहर्ट्झ ऐकून नवखे दचकतात, कारण त्यांना स्वच्छ, टोकदार शिखर बघायची सवय असते. बँडविड्थ १०० किलोहर्ट्झवर आणली की चित्र देखणं होतं आणि आकडा कित्येक डीबींनी पडतो. सिग्नल साधारण एक मेगाहर्ट्झ रुंद. फटीतून बघितलं तर हत्तीचं शेपूटच दिसणार. इथेही एक पटकन तपासणी आहे: बँडविड्थ १ वरून ३ मेगाहर्ट्झ केल्यावर आकडा फारसा हलत नसेल तर सिग्नल पूर्ण मावतोय.

ट्रिगर व्हिडिओवर किंवा आयएफ पॉवरवर ठेवा, म्हणजे बर्स्ट स्थिर दिसेल. तो सपाट पठारासारखा दिसायला हवा. ब्लूटूथ लो एनर्जीच्या जीएफएसके मॉड्युलेशनमध्ये तरंगाची उंची बदलत नाही, फ्रिक्वेन्सी तेवढी इकडेतिकडे हलते. त्यामुळे पठाराचा माथा डोंगररांगेसारखा दिसला तर मोजणी थांबवून वीजपुरवठा बघा. नियमात पीक आणि सरासरीत ३ डीबींपर्यंत फरक चालतो, पण निरोगी बोर्डावर तो अर्धा डीबीही नसतो असा माझा अनुभव.

तारेतली गळती, खरीखुरी

आता जी पॉवर खरंच वाटेत जाते ती. आमच्या टेबलावरची आरजी३१६ ची तार एक मीटर लांब, २.४ गिगाहर्ट्झला दीड डीबी खाते. स्विचवाला कनेक्टर आणि त्याचा प्रोब मिळून आणखी एक डीबी. यातलं काही गुपित नाही, पण ‘तार म्हणजे तार’ असं समजून हे कोणी वहीत लिहीत नाही. सिग्नल जनरेटर असेल तर तार त्याला लावून २४०२, २४४० आणि २४८० ला मोजा आणि तारेवरच चिकटपट्टीने आकडा लिहा. जनरेटर नसेल तर तशाच दोन तारा एसएमए जोडून घ्या, बोर्डावरची मोजणी आधी एका तारेने आणि मग दोन्ही जोडून करा. जो फरक येईल तो एका तारेचा आणि मधल्या जोडाचा.

यू.एफएलचे, म्हणजे चिमुकल्या आरएफ कनेक्टरचे, ते इवलेसे पिगटेल (आखूड तारा) वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: उत्पादकाने त्यांची हमी ३० वेळा लावण्या-काढण्यापुरतीच दिलेली असते. चाचणीच्या टेबलावर ३० वेळा म्हणजे एका दुपारचं काम. त्यानंतर ते ‘लागतं’, पण नीट लागत नाही. आकडा दर वेळी एक-दोन डीबी वेगळा यायला लागला आणि पिगटेलला बोटाने हलकं ढकललं की स्क्रीनवर पठार वरखाली झालं, तर त्याला निरोप द्या. आमच्याकडे एक पिगटेल तीन प्रोजेक्ट पुरलं होतं आणि त्याचा अभिमानही बाळगला जात होता. आता मी त्या पिशवीवर तारीख घालतो.

यू.एफएलवाल्या बोर्डांचा आणखी एक खास रोग: अँटेना आणि कनेक्टर यांच्या दोन्ही वाटांवर शून्य ओहमचा रेझिस्टर लावलेला. नकाशात लिहिलेलं असतं ‘एकच बसवा’. जोडणीवाला दोन्ही बसवतो, कारण यादीत दोन्ही असतात. मग निम्मी पॉवर तारेत, निम्मी हवेत, वर जुळणी बिघडल्यामुळे आणखी काही गायब. ओळखायची खूण घरगुती आहे. चाचणी चालू असताना अँटेनावर बोट ठेवा. तारेतून मोजत असाल तर आकडा हलता कामा नये. हलला, तर तुमची अँटेना अजून जिवंत आहे.

ॲनालायझरच्या तोंडाशी १० डीबीचा ॲटेन्युएटर लावायची सवय चांगली. एवढ्याशा पॉवरने यंत्र जळेल म्हणून नव्हे, तर बोर्ड, तार आणि यंत्र यांच्यातली उसळी-परतउसळी त्याने दबते आणि चॅनेलगणिक आकडा नाचायचा थांबतो. फक्त त्याचे १० डीबी एकाच जागी मिळवा. एकदा मी ते ॲनालायझरच्या ऑफसेटमध्ये टाकले होते, आणि स्क्रिप्टमध्येही. +४ च्या चिपने त्या दिवशी +१४ डीबीएम दिले. सगळे खूष होते, दहा मिनिटं.

+४ मागितले होते का?

बोर्डाला वीज दिल्यावर नॉर्डिकचं डीटीएम फर्मवेअर ० डीबीएमवर उभं राहतं. पॉवर बदलायची तर वेगळी कमांड द्यावी लागते, आणि ती सेटिंग रॅममध्ये असते. दुपारी बोर्डाचा सेल काढून पुन्हा लावला, की चिप सगळं विसरते. माझी स्क्रिप्ट मात्र विसरत नाही. तिच्या खिडकीत सकाळी निवडलेले +४ दिमाखात दिसत राहतात. पीसीवर दिसतं ते आपण शेवटी काय मागितलं होतं ते, चिप आत्ता काय देतेय ते नव्हे. तेव्हापासून स्क्रिप्ट प्रत्येक चाचणीआधी रीसेट देते, मग पॉवर, मग ट्रान्समिट, आणि प्रत्येक पायरीचं उत्तर फाइलीत उतरवते.

तर मग वही मांडू. अपेक्षा +४, दिसले −१२, तूट १६. पॉवरची कमांड पुन्हा न दिल्याने ४. शून्य लांबीच्या पॅकेटची सरासरी ८.९. तार १.५. कनेक्टर आणि प्रोब १. बेरीज १५.४. राहिले ०.६, ते अँटेनाच्या जुळणीतल्या कॉइल-कपॅसिटरमध्ये आणि चिपच्या स्वतःच्या कमीजास्तात मुरले असणार. त्यांच्या मागे मी लागलो नाही. डेटाशीटमध्ये चिपच्या पॉवरला यापेक्षा जास्त मोकळीक दिलेली असते.

पॉवर जुळली, आता फ्रिक्वेन्सी सरकलीय

पॉवरचं कोडं सुटलं की हमखास दुसरं हाती येतं. त्याच बोर्डावर २४४० चा सिग्नल ९५ किलोहर्ट्झ वर दिसत होता. ब्लूटूथ लो एनर्जीत मूळ फ्रिक्वेन्सीतला फरक ±१५० किलोहर्ट्झपर्यंत चालतो, म्हणजे कागदावर पास. पण २४४० मेगाहर्ट्झवर ९५ किलोहर्ट्झ म्हणजे ३९ पीपीएम, दशलक्षात एकोणचाळीस. त्यावर नागपूरच्या मे महिन्यातलं ऊन आणि क्रिस्टलचं वय चढवलं की शिल्लक काय राहणार?

फ्रिक्वेन्सी वर सरकली असेल तर क्रिस्टलवरचा कपॅसिटरचा भार कमी पडतोय, खाली सरकली असेल तर जास्त होतोय. क्रिस्टलच्या कागदावर लोड कपॅसिटन्स ८ पीएफ लिहिलेलं. कोणीतरी ८ वाचून ८.२ पीएफचे दोन कपॅसिटर लावले. तो कोणीतरी मी. हिशेब असा नसतो. दोन्ही कपॅसिटर क्रिस्टलच्या दोन टोकांना जमिनीशी जोडलेले, त्यामुळे क्रिस्टलला ते एकापुढे एक दिसतात, म्हणजे निम्मे. त्यात चिपच्या पिनचे आणि पट्ट्यांचे मिळून प्रत्येक बाजूला साधारण ४ पीएफ धरा. ८.२ आणि ४ मिळून १२.२, त्याचे निम्मे ६.१. हवे होते ८. बारा पीएफचे कपॅसिटर लावले की १२ आणि ४ सोळा, निम्मे आठ. बदलल्यावर सरक १० किलोहर्ट्झच्या आत आली.

हे मोजताना पॅकेटऐवजी नुसता कॅरिअर, म्हणजे माहिती न चढवलेली लहर, पाठवा. नॉर्डिकच्या फर्मवेअरात विक्रेत्याच्या खास कमांडीतून तो मिळतो, बाकीच्यांकडेही बहुधा असतोच. एक टोकदार रेघ दिसते, मार्कर ठेवा, वाचा. पॅकेटवरच मोजायचं तर नियमानुसार १०१०१०१० चा नमुना लावतात. ११११०००० लावून शिखर शोधू नका. त्यात मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५० किलोहर्ट्झवर दोन उंचवटे उगवतात आणि मार्कर त्यातल्या एकावर जाऊन बसतो. तो नमुना डेव्हिएशन, म्हणजे फ्रिक्वेन्सी मधल्यापासून किती दूर हलते ते, मोजायला आहे. तिथे सरासरी २२५ ते २७५ किलोहर्ट्झमध्ये यावी लागते.

आणि ॲनालायझर अर्धा तास तापू द्या. थंड यंत्राचं स्वतःचं घड्याळ एक पीपीएम चुकलं तरी अडीच किलोहर्ट्झ तुमच्या बोर्डाच्या नावावर चढतात.

वीजपुरवठा

इथे फार वेळ जात नाही, पण एकदा बघाच. चिपमधला डीसी-डीसी (व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर) चालू असताना ही चिप ३ व्होल्टला ० डीबीएमवर ५.३ मिलिॲम्पिअर घेते, +४ वर ७.५. नेहमीच्या वापरात सेलला ते क्षणभर द्यायचे असतात; डीटीएममध्ये तासन्‌तास. जुना सेल बसतो आणि त्याबरोबर आकडाही. चाचणीला बेंचचा पुरवठा लावा. दुसरं, डीसी-डीसी चालू करणारं फर्मवेअर अशा बोर्डावर टाकू नका ज्यावर त्याच्या दोन कॉइल, १० मायक्रोहेन्री आणि १५ नॅनोहेन्री, बसवलेल्याच नाहीत. पैसे वाचवायला त्या काढलेल्या असतात आणि नमुना फर्मवेअरला ते माहीत नसतं. लक्षण: रीसेटला उत्तर येतं, किंवा तेही नाही, आणि बोर्ड गप्प.

ईटीएच्या, म्हणजे वायरलेस उपकरणाला लागणाऱ्या सरकारी मान्यतेच्या, अर्जासाठी बोर्ड बाहेरच्या लॅबला पाठवायचा असेल तर वरचं सगळं आधी टेबलावर उरका, आणि डीटीएमचं फर्मवेअर, कमांडींची यादी व तारेचा डीबी लिहिलेला कागद सोबत द्या. लॅबचा माणूस तुमची स्क्रिप्ट चालवणार नाही. तो ९३ ९४ पाठवेल आणि घड्याळ लावेल.

आमच्या खणात आता एक बोर्ड लाल चिकटपट्टी लावून ठेवलाय. दोन वेगळ्या ॲनालायझरांवर मोजलेला, तीन चॅनेलांचे आकडे पाठीवर लिहिलेले. सकाळी पहिल्यांदा तो लावायचा. त्याचा आकडा पाठीवरच्या आकड्याशी अर्ध्या डीबीत जुळला तर नवीन बोर्डांना हात घालायचा. नाही जुळला तर आधी पिगटेल बदलायचं. गेल्या महिन्यात तो खणातून नाहीसा झाला होता. मार्केटिंगवाल्यांनी डेमोला नेला होता, चिकटपट्टी काढून.